चौदाशे भोकं

माझ्या बोटीच्या सागवानी डेकवर गुडघे टेकून मी स्क्रू मोजत होते. तीनशेपर्यंत मोजले, मग पाठीने असहकार पुकारला आणि पुढचं गणिताने काढलं. फळी ४५ मिलिमीटर रुंद, मधली फट ५ मिलिमीटर, म्हणजे मीटरभर रुंदीत वीस फळ्या. दर वीस सेंटिमीटरवर एक स्क्रू, म्हणजे चौरस मीटरला शंभर. डेक सगळा मिळून जेमतेम १४ चौरस मीटरचा. चौदाशे स्क्रू! आणि प्रत्येक स्क्रूखाली एक भोक, तेही फायबरग्लासच्या ज्या कवचाकडून माझी एकच अपेक्षा होती त्याला पाडलेलं. पाणी आत येऊ द्यायचं नाही, एवढीच ती अपेक्षा.

पाणी येतच होतं. पुढच्या केबिनमध्ये, नेमकं उशीच्या वर, एक थेंब जमायचा, बराच वेळ विचार करायचा आणि मग पडायचा. दोन वर्षं मी त्या थेंबाच्या बरोबर वरची फट शोधून तिच्यात सीलंट भरत होते. बोटीवर पाणी शिरतं एकीकडे आणि टपकतं भलतीकडेच, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण आपल्या बोटीचं दुखणं साधंच असेल असं प्रत्येकाला वाटतं.

शेवटी मिस्त्री आले. त्यांनी हातोडी उलटी धरली आणि तिच्या दांड्याने डेक ठोकत ठोकत मागून पुढे गेले. ठक, ठक, ठक. डोलकाठीच्या जरा पुढे आवाज बदलला. थप. आणखी पुढे थप, थप. ते उठून उभे राहिले, हात झटकले आणि म्हणाले, "ताई, आत चिखल झालाय."

माझ्या बोटीसारख्या बहुतेक बोटींचा डेक सँडविच पद्धतीचा असतो. वर फायबरग्लासचा एक पातळ थर, खाली एक थर आणि मध्ये बाल्साच्या लाकडाचा गाभा, तोही उभ्या रेषांचे तुकडे करून बसवलेला. बाल्सा पिसासारखा हलका, आणि दोन थरांमध्ये कोंडला की डेक चांगला ताठ होतो. कोरडा आहे तोवर. एकदा का वरच्या थराला भोक पडून त्याला ओल लागली की काही वर्षांत त्याचा लगदा होतो आणि डेक पायाखाली दबायला लागतो. वरून सागवान तसंच दिमाखात पसरलेलं असतं. कुणी पाहुणा आला की म्हणतो, "वा, खरं सागवान!"

दोष कुणाचा हे कळायला मला वेळ लागला, कारण तो माझा होता.

सागाच्या डेकचे स्क्रू उघडे नसतात. स्क्रू फळीत खोल बसवतात आणि वर त्याच लाकडाचं गोल बुच ठोकून रंध्याने सपाट करतात. फळी १२ मिलिमीटर जाड असेल तर बुचाला पाचेक मिलिमीटर मिळतात. फळी झिजली की बुच आखूड होतं, मग सैल होतं आणि एके दिवशी लाटेबरोबर निघून जातं. मग उघड्या स्क्रूच्या कडेने पाण्याला थेट बाल्सापर्यंत रस्ता. मी पट्टी घेऊन फळ्यांची जाडी मोजली. सात. काही ठिकाणी सहा. पाच-सहा मिलिमीटर लाकूड गेलं कुठे?

बादलीत गेलं. बोट घेतल्यापासून दर मोसमाच्या सुरुवातीला मी डेक घासत आले. काळा-करडा पडलेला साग, त्यावर दोन बाटल्यांमधलं ते क्लीनर, एक आम्लाची आणि एक त्याला शमवणारी, आणि कडक ब्रश. बादलीतलं पाणी गडद तपकिरी व्हायचं. ते पाणी ओतून देताना मला जे समाधान मिळायचं ते काय सांगू! केवढी घाण निघाली! खाली मधासारख्या रंगाचं लाकूड उजळून निघायचं आणि मी कंबरेवर हात ठेवून त्याच्याकडे पाहत उभी राहायचे. ते तपकिरी पाणी म्हणजे घाण नव्हतीच फारशी. तो डेक होता.

सागाच्या प्रत्येक वर्षवलयात एक मऊ, मोठ्या छिद्रांचा पट्टा असतो आणि एक घट्ट. आम्ल आणि ब्रश मिळून मऊ पट्टा कोरून काढतात, घट्ट पट्टा वर उभा राहतो आणि फळीवर बारीक सरी पडतात. सरींमध्ये शेवाळ धरतं, म्हणून पुढच्या वर्षी अजून जोरात घासायचं. आणि सरी फारच झाल्या की सँडरने सगळं पुन्हा सपाट करायचं, म्हणजे आणखी एक मिलिमीटर. सागवान सांभाळायची खरी रीत याच्या अगदी उलट आहे: खाऱ्या पाण्याची बादली, मऊ ब्रश, रेषांना आडवा हात आणि मग त्याच्याकडे दुर्लक्ष. करडा रंग हा रोग नाही. उन्हाने वरच्या अगदी पातळ थरातलं लिग्निन, म्हणजे तंतूंना धरून ठेवणारं द्रव्य, फुटतं, पावसाने ते धुऊन जातं आणि चंदेरी तंतू उरतात. आत लाकूड जसंच्या तसं असतं. एखाद्या आळशी माणसाकडे ही बोट गेली असती तर तो डेक आज दहा मिलिमीटरचा तरी असता. प्रेशर वॉशरवाल्याकडे गेली असती तर मात्र आधीच संपला असता, एवढंच माझं सांत्वन.

तर साग उखडायचा हे ठरलं. वरचा थर कापून ओला बाल्सा खरवडून काढला, डेक कित्येक दिवस वाळवला, नवा गाभा बसवून इपॉक्सीने थर पुन्हा चढवला. ते सगळं इथे सांगत नाही; घाम, खाज आणि धूळ यांपलीकडे त्यात फारसं काही नाही. शेवटी एक पांढरा, गुळगुळीत, एकही भोक नसलेला डेक समोर आला आणि प्रश्न पडला: आता याच्यावर काय?

मी नमुने मागवले. पीव्हीसीचे दोन, एक तपकिरी आणि एक करडा, दोन्हींवर काळ्या रेषा. कॉर्क-ओक झाडाच्या सालीचा भुगा दाबून केलेला एक, म्हणजे कॉर्क. फोमचा एक. आणि नव्या सागाचा एक तुकडा. सगळे ओळीने मांडून दुपारी दोन वाजता अनवाणी त्यांच्यावरून चालले. पुन्हा पाणी ओतून चालले. शेजारच्या बोटीवरचे लोक बघत होते. बघू देत.

आधी वजन, कारण त्याबद्दल मी छातीठोकपणे चुकीचं बोलत होते. प्लास्टिक हलकं, लाकूड जड, असं मनात पक्कं होतं. वाळलेला साग घनमीटरला साधारण ६५० किलो भरतो. दहा मिलिमीटर जाडीचा डेक म्हणजे चौरस मीटरला साडेसहा किलो. मऊ पीव्हीसीची घनता त्याच्या दुप्पट. म्हणजे पाच मिलिमीटरचं पीव्हीसी तेवढंच भरतं! काही प्रकारांत पोटात फोम घालून वजन कमी करतात, पण "सिंथेटिक म्हणजे हलकं" ही समजूत त्या दिवशी तागडीत पडली. कॉर्क आणि फोम मात्र खरोखरच हलके.

मग ऊन. तपकिरी पीव्हीसीवर मी तीन पावलं टिकले. करड्यावर बरंच जास्त. म्हणजे निम्मं भांडण रंगाचंच आहे: गडद रंग ऊन पितो, मग तो कशाचाही असो. नवा, तेल लावलेला साग करड्या सागापेक्षा जास्त तापतो, हे घासून उजळवणाऱ्या माझ्यासारखीला कुणी कधी सांगितलं नव्हतं. उरलेलं निम्मं भांडण तळपायाचं. लाकूड आणि पीव्हीसी सारखेच तापले असले तरी लाकूड आपली उष्णता पायाला सावकाश देतं. पीव्हीसी जड, त्यात उष्णता जास्त मावते आणि ते ती पटकन देऊन टाकतं. कॉर्क या बाबतीत सर्वांत सज्जन. पण कॉर्कच्या कोपऱ्यातून मी नखाने सहज एक कण उपटला, आणि नांगराची साखळी जिथे आपटते त्या जागेचा विचार करून तो नमुना बाजूला ठेवला. फोम पायाला फारच छान लागला. इतका छान की तो घरात हवा, बोटीवर नको असं वाटलं. याला युक्तिवाद म्हणत नाहीत, मला कल्पना आहे.

ओल्या डेकवर पकड साग आणि पीव्हीसी दोन्हींची चांगली. सागात सिलिका असते, म्हणून सुताराच्या पटाशीची धार त्याच्यावर लवकर बोथटते आणि म्हणूनच ओल्या सागावर पाय ठरतो, असं जुनी माणसं सांगतात. पीव्हीसीला खरखरीत कागदाने घासून तशीच पकड आणतात, आणि डाग पडला की पुन्हा तेवढंच घासून नवं करतात. त्याचेही नखरे आहेत. रबराची चटई त्याच्यावर महिनोन्महिने पडून राहिली तर तपकिरी डाग उमटतो आणि तो वरवरचा नसतो, मटेरियलच्या आत उतरलेला असतो. घासून निघणारी धूळही प्लास्टिकचीच, ती शेवटी जाते पाण्यातच. सागाची धूळ पाण्यात गेली तर माझं नुकसान. ही गेली तर सगळ्यांचं.

आता त्या काळ्या रेषा. खरं सांगायचं तर पीव्हीसीवरचा माझा सगळा राग त्या रेषांवर होता.

लाकडी जहाजाच्या डेकवर त्या रेषा म्हणजे जहाजाचा जीव. दोन फळ्यांच्या मधल्या फटीत सुती दोरा आणि डांबरात भिजवलेला ताग ठासायचा, वर उकळतं डांबर ओतायचं. फळ्या ओल्या राहिल्या की फुगतात आणि फट घट्ट मिटते, म्हणून खलाशी डेकवर समुद्राचं पाणी मारत. त्या काळात साग म्हणजे सजावट नव्हती. ओकातलं टॅनिक आम्ल लोखंडी खिळ्यांना खातं, सागातलं तेल त्यांना सांभाळतं. वाळवी आणि बुरशी त्याच्या वाटेला फारशा जात नाहीत. आणि उन्हापाण्यात तो इतर लाकडांएवढा आक्रसत-फुगत नाही. ब्रिटिश नौदलाला ओक पुरेना तेव्हा त्यांनी मुंबईच्या गोदीत, वाडिया घराण्याच्या हातून, मलबारी सागाची जहाजं बांधून घेतली. त्यातली ट्रिंकोमाली १८१७ मध्ये पाण्यात उतरली आणि इंग्लंडमधल्या हार्टलपूलच्या संग्रहालयात अजून तरंगते आहे. दोनशे वर्षं! माझ्या हाती ती लागली नाही हे तिचं नशीब.

फायबरग्लासच्या बोटीवरच्या सागातही रेषा असतात, आणि त्या बसवण्यात कसब असतं. फळीच्या कडेला खाच काढायची, खाचेच्या तळाशी एक पातळ टेप चिकटवायची आणि वर काळं सीलंट भरायचं. टेप कशाला? सीलंट तळाला चिकटू नये म्हणून. फळ्या हलतात तेव्हा दोन्ही बाजू धरलेलं सीलंट रबरासारखं ताणतं आणि परत येतं; तळाशीही चिकटलं तर ते तीन बाजूंनी अडकतं आणि एका कडेने फाटतं. मी दोन वर्षं जे सीलंट भरत होते ते विनाटेपचं होतं. ते प्रत्येक वेळी का फाटतं याचं मला मोठं कोडं पडायचं.

आणि पीव्हीसीवरच्या रेषा? त्यांना काहीच काम नाही. तिथे फट नाही, फळी नाही, हलणारं काही नाही. पाय थबकावा म्हणून दारासमोर रांगोळी काढावी तशा त्या काढलेल्या आहेत, म्हणजे डोळा थबकावा म्हणून. मला ते ढोंग वाटलं, आणि मिस्त्रींना मी ते जरा तावातावाने ऐकवलं.

ते उखडलेल्या फळ्या एकावर एक रचत होते. मान वर न करता म्हणाले, "मग हे काय होतं, ताई? हा डेक काढला तेव्हा बोट बुडाली का?"

नाही बुडाली. उलट सुधारली. माझ्या खऱ्या सागाने बोटीचं काहीच धरून ठेवलं नव्हतं. पाणी अडवायचं काम खालचं फायबरग्लास करत होतं, आणि सागाने तेवढं चौदाशे ठिकाणी अवघड करून ठेवलं. लाकडी जहाजासारखं दिसावं म्हणून न गळणाऱ्या बोटीला गळकं केलं होतं. मी ज्याला अस्सल म्हणून घासत होते ते स्वतःच एक सोंग होतं. पीव्हीसी हे त्या सोंगाचं सोंग. लाकूड खरं होतं, यात वाद नाही. डेक खरा नव्हता.

यावर कुणी म्हणेल की साग स्क्रूने बसवायलाच नको. बरोबर आहे. हल्ली तो चिकटवतातच. आठेक मिलिमीटरच्या फळ्या गोंदावर ठेवून, वर प्लास्टिक पसरून पंपाने हवा काढून घेतात आणि हवेच्या दाबाने त्या बसतात. एकही भोक नाही. म्हणजे गळतीचा मुद्दा सागाच्या विरोधात जात नाही, जुन्या पद्धतीच्या विरोधात जातो. माझ्यासारखी चिडलेली माणसं या दोन्हींची गल्लत करतात आणि मग चुकीच्या कारणासाठी बरोबर किंवा बरोबर कारणासाठी चूक निर्णय घेतात.

म्हणून नव्या सागाचीही चौकशी केली, आणि तिथे वेगळंच प्रकरण निघालं. डेकला लागतो तो गाभ्याचा, सरळ रेषांचा, चार भागांत उभा चिरलेला साग. फळीच्या टोकाच्या कापावर उभ्या रेषा दिसल्या पाहिजेत म्हणजे ती सारखी झिजते. जंगलातलं झाड असा गाभा द्यायला ऐंशी-शंभर वर्षं घेतं. लागवडीतलं वीस-पंचवीस वर्षांत तोडतात. त्यात फिकं लाकूड जास्त, वलयं रुंद, तेल कमी. लागवड ही नवी गोष्ट नाही. केरळातल्या निलांबूरला मलबारचे कलेक्टर कोनोली यांनी १८४० च्या दशकात सागाचं बन लावायला घेतलं ते जहाजांसाठीच, म्हणजे जंगल पुरणार नाही हे तेव्हाच दिसत होतं. ब्रह्मदेशात १८५६ मध्ये ब्रँडिस नावाचा जर्मन वनाधिकारी आला आणि त्याने कुठलं झाड कधी मारायचं याचे हिशेब बांधून दिले. मारायचं, हा शब्द नेमका आहे. ओला साग पाण्यात बुडतो आणि ओंडके तर नदीतून आणायचे. म्हणून झाडाच्या बुंध्याची साल आणि खालचं लाकूड गोल कापून ते उभ्या उभ्या वाळवायचं, दोन-तीन वर्षं, मग तोडायचं. तरंगता यावं म्हणून आधी उभ्याने मरायचं. हे वाचल्यापासून सागाच्या फळीकडे पाहताना मला जरा वेगळं वाटतं.

पुढची गोष्ट ओसरत जाण्याची. १९८८ च्या पुरानंतर थायलंडने १९८९ मध्ये नैसर्गिक जंगलातली तोड बंद केली. म्यानमारने २०१४ मध्ये ओंडक्यांची निर्यात थांबवली. २०१३ पासून युरोपात बेकायदा तोडलेलं लाकूड बाजारात आणणं हा गुन्हा झाला, आणि लष्कराने सत्ता घेतल्यावर २०२१ मध्ये अमेरिका आणि युरोपीय संघ दोघांनीही म्यानमारच्या सरकारी लाकूड कंपनीवर निर्बंध घातले. बोटींच्या डेकवरचा नावाजलेला साग नेमका तिथलाच. मी एका व्यापाऱ्याला विचारलं, हा कुठला? म्हणाला, "लागवडीचा आहे." कुठल्या? "चांगल्या लागवडीचा." कागद मागितला तेव्हा त्याने फळीवर थाप मारून दाखवली. फळी सुंदर होती. रेषा इतक्या बारीक की ती वीस वर्षांची असणं शक्यच नव्हतं.

पण निर्णय त्या व्यापाऱ्यामुळे झाला असं म्हटलं तर ते शोभेसाठी होईल. कागदपत्रं चोख असलेला साग मिळतो, शोधावा लागतो एवढंच. निर्णय झाला तो माझ्या हातांमुळे. मी स्वतःला ओळखते. नवा साग आठ मिलिमीटरचा येणार, आणि तो पहिल्यांदा करडा पडेल त्या वसंतात मी बादली घेऊन बसणार. तसं करू नये हे आता मला सप्रमाण ठाऊक आहे. म्हणून मी करणार नाही असं समजायचं काही कारण नाही.

तेव्हा डेकवर पीव्हीसी. करडं. आधी मी हट्टाने बिनरेषांचं सांगितलं होतं. त्याचा एक मोठा नमुना डेकवर अंथरून घाटावर जाऊन पाहिलं तर बोट न्हाणीघरासारखी दिसत होती. अर्धा तास वेगवेगळ्या कोनांतून पाहिलं, न्हाणीघर हलेना. मग फोन करून म्हटलं, रेषा घाला. पलीकडच्या माणसाला असले फोन रोज येत असावेत, त्याने फक्त "काळ्या की पांढऱ्या?" एवढं विचारलं.

डेकचे कागदी साचे मिस्त्रींनी कापले, झाकणांचे, डोलकाठीच्या बुंध्याचे आकार काढून. त्यावरून तुकडे जोडून आले, चिकटवायला दोन दिवस गेले. एकही स्क्रू नाही. पहिल्या जोराच्या पावसात मी मुद्दाम पुढच्या केबिनमध्ये जाऊन आडवी पडले आणि छताकडे बघत राहिले. काही झालं नाही. थेंबाची इतकी सवय झाली होती की झोप लागेना.

जुन्या फळ्या टाकवल्या नाहीत. मिस्त्रींनी एक उलटी केली आणि खालच्या बाजूवरून रंधा फिरवला. तीस-पस्तीस वर्षं डेकला तोंड लावून पडलेली ती बाजू, तिला ऊन माहीत नव्हतं, मी माहीत नव्हते. पहिल्याच फटक्यात सोनेरी छिलक्याची लांब गुंडाळी सुटली आणि तो वास आला, तेलकट, जुन्या चामड्यासारखा. भोकांच्या जागा टाळून बऱ्या लांबीचे तुकडे निघाले, आणि जिथे टाळता आली नाहीत तिथे नवी बुचं बसवली. पाच मिलिमीटरच्या त्या पट्ट्यांतून सुकाणूजवळची दोन बाकं झाली. "ह्यांना स्क्रू नको ना, ताई?" मिस्त्रींनी अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं. बाकं गोंदावरच बसवली, टेप लावून.

आता त्या बाकांनाही करडेपण चढायला लागलंय. परवा सकाळी डेक धुतला, पाणी बादलीत जसं होतं तसंच स्वच्छ राहिलं. मग बाकं. मऊ ब्रश, खारं पाणी, रेषांना आडवा हात, सगळं रीतीप्रमाणे. चार-पाच हात मारले आणि बादलीत डोकावले. पाण्याला किंचित तपकिरी झाक आली होती. ब्रश ठेवून दिला, जरा वेळाने पुन्हा उचलला, आणि मग सरळ शेजारच्या बोटीवर नेऊन त्यांच्याकडे ठेवायला दिला.